जपानी गाण्यांच्या भेंड्या: 'रु' आला की काय गायचं?

पारिजात

'शिरितोरी' म्हणजे शेवट पकडणं. एकाने शब्द म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने पुढचा शब्द काढायचा. शब्दांऐवजी गाण्यांची नावं घेतली की त्या झाल्या जपानी भेंड्या. कराओकेच्या खोलीत खेळताना नाव सांगून सुटका होत नाही, ते गाणं लावून गावंही लागतं. म्हणून या धाग्यावर अक्षरवार गाणी जमवूया. नावं देवनागरीतच लिहूया, शक्यतो 'काना' या जपानी अक्षरलिपीप्रमाणे, म्हणजे शेवटचं अक्षर नेमकं कोणतं यावर घोळ होणार नाही.

आधी आपल्या भेंड्यांपेक्षा वेगळं काय ते सांगते, कारण मराठी माणूस नेमका तिथेच अडतो. आपण व्यंजन धरतो. 'क' आला की 'का', 'कि', 'कु' काहीही चालतं. शिरितोरीत स्वरासकट अख्खं अक्षर धरतात. 'कि' आला तर 'कि'च हवा, 'कु' बाद. म्हणजे बाराखडीच्या एका ओळीसाठी पाच वेगवेगळे साठे लागतात.

हिशेब असा. मूळ काना अक्षरं ४६. त्यातल्या 'न्' ने शब्द सुरू होत नाही. कर्म दाखवणारा जो वेगळा 'ओ' लिहितात, त्यानेही होत नाही. उरली ४४. दोन टिंबं देऊन होणारी ग, झ, द, ब ही अक्षरं आणि गोल देऊन होणारी प ची अक्षरं मिळून २५. त्यात 'जि' आणि 'झु' दोन-दोन प्रकारे लिहिता येतात पण उच्चार एकच, म्हणून खेळापुरती २३. कडक नियमांनी खेळायचं तर ६७ अक्षरांना किमान एकेक गाणं तयार हवं. टिंबं सोडून द्यायची सवलत ठेवली, म्हणजे 'ग' ला 'क' आणि 'ब' ला 'ह' चालवला, तर ४४ पुरतात. नवीन मंडळींनी ४४ पासूनच सुरुवात करावी.

आणि 'न्'. आपल्याकडे 'ळ' आला की 'ल', 'ण' आला की 'न' असं सांभाळून घेतात. तिथे 'न्' वर संपणारं नाव घेतलं की भेंडी चढलीच.

कोकणकडा

पारिजातताई, छान धागा. गाणं सुरू होण्याआधी ठरवून घ्यायच्या गोष्टी लिहितो. हे ठरलं नसेल तर दर तिसऱ्या गाण्याला वाद होतो.

आडव्या रेघेने लिहिलेला दीर्घ स्वर. 'रेइनी बुरू' (तोकुनागा हिदेआकी, १९८६) यात शेवटी 'बुरु' आणि मग रेघ आहे. रेघ सोडून दिली तर पुढच्याला 'रु', रेघेचा स्वर धरला तर 'उ'. स्पिट्झचं 'चेरी' (१९९६) तसंच: 'रि' किंवा 'इ'. स्वर धरण्याच्या बाजूने मी आहे. खेळ लांबतो आणि 'रु' चा मारा थोडा कमी होतो.

लहान 'या', 'यु', 'यो'. 'तोकि ओ काकेरु शोउजो' (हारादा तोमोयो, १९८३) संपतं 'जो' वर, पण काना लिपीत ते 'जि' आणि बारीक 'यो' असं दोन तुकड्यांत लिहितात. एक पद्धत: बारीक 'यो' मोठा करायचा आणि पुढच्याला 'यो' द्यायचा. दुसरी: अख्खा 'जो' मागायचा. पहिलीच ठेवा. दुसऱ्या पद्धतीत गाणी फार लवकर संपतात.

लिहिणं की बोलणं. माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी जागा ही. किरोरोचं 'मिराइ ए' (१९९८) ऐकताना 'ए' वर संपतं, पण तो दिशेचा प्रत्यय लिहिताना 'हे' लिहितात. काना लिपीप्रमाणे खेळलात तर पुढच्याला 'हे'. तसंच 'उए ओ मुइते अरुकोउ' (साकामोतो क्यू, १९६१): ऐकताना 'कोओ', लिहिताना शेवट 'उ'. म्हणजे 'उ' ने सुरू होऊन 'उ' वरच संपणारं गाणं. ज्याने 'उ' दिला त्याची चाल लगेच उलटवता येते. हेच गाणं १९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेत 'सुकियाकी' या नावाने तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, त्यामुळे जपानी न शिकलेल्यांनाही चाल ओळखीची असते.

उपशीर्षक. 'सीक्रेट बेस' ला '~किमि गा कुरेता मोनो~' अशी शेपटी आहे (झोन, २००१). धरली तर 'नो', सोडली तर 'सु'. मशीनच्या पडद्यावर जेवढं नाव दिसतं तेवढं धरावं. नवीन माणसालाही तपासता येतं.

उंबरठा

'रु' चं एवढं काय आहे? जपानी क्रियापदं तर बरीचशी 'रु' वर संपतात.

पारिजात

तेच तर कारण आहे, उंबरठा. संपतात ढिगाने, सुरू होत नाहीत. जुन्या जपानीत मूळचे शब्द 'र' ओळीने सुरूच होत नसत. आज जे आहेत ते चिनीतून किंवा युरोपीय भाषांतून आलेले. त्यामुळे समोरच्याला सतत 'रु' देत राहणं हा शब्दांच्या शिरितोरीतला जुना डाव आहे, आणि गाण्यांतही तो तसाच चालतो.

'रु' देणारी गाणी:
'सुबारु' (तानिमुरा शिंजी, १९८०)
'कितागुनि नो हारु' (सेन मासाओ, १९७७)
'योरु नि काकेरु' (योआसोबी, २०१९)
'आइदोरु' (योआसोबी, २०२३)

'रु' झेलणारी:
'रुबी नो युबिवा' (तेराओ आकिरा, १९८१). त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार याच गाण्याला. पुढच्याला 'वा' जातो. चाल संथ, आवाज खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं गायचं. पुरुषांना सोपं.
'रूकी' (साकानाक्शन, २०११). 'कि' किंवा 'इ' जातो.
'रूपु आंदो रूपु' (एशियन कुंग-फू जनरेशन, २००४). 'पु' जातो, गोल सोडला तर 'फु'.
'रूरु' (हामासाकी आयुमी, २००९). इंग्रजीतला 'रूल', जपानी वाचन 'रूरु'. 'रु' घ्या, 'रु'च परत करा. हे गाणं शेवटपर्यंत राखून ठेवा.

शब्दवेल्हाळ

ताई, 'रूजु नो देन्गोन्' राहिलं की! गायिका युमिंगचं, १९७५ चं, 'माजो नो ताक्युबिन्' सिनेमात वापरलेलं. 'रु' म्हटलं की सगळ्यांना आधी तेच सुचतं.

पारिजात

मुद्दाम नाही लिहिलं. शेवट बघा: देन्गोन्. गायलात की हरलात.

हा सापळा फक्त 'रु' पुरता नाही, सगळ्या 'र' ओळीत पसरलेला आहे. 'रा' ला पहिलं आठवतं 'राबु माशीन्' (मॉर्निंग मुसुमे, १९९९). 'रे' ला 'रेमोन्' (योनेझु केन्शी, २०१८). 'रो' ला 'रोबिन्सोन्' (स्पिट्झ, १९९५). चारही गाणी सगळ्यांना पाठ, चारही 'न्' वर संपणारी. जपानीत 'ल' नाही, त्यामुळे इंग्रजी 'लव्ह', 'लेमन' सगळं 'र' च्या ओळीत जाऊन बसतं, आणि असे उसने शब्द 'न्' वर संपायची भीती मोठी.

म्हणून 'र' ओळीची सुरक्षित गाणी वेगळी पाठ करून ठेवावीत:

रा: 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन् नि' (ओदा काझुमासा, १९९१), शेवट 'नि'.
रि: 'रिन्गो नो उता' (नामिकी मिचिको, युद्धानंतरचं गाजलेलं गाणं), शेवट 'ता'. 'रिन्दा रिन्दा' (द ब्लू हार्ट्स, १९८७), शेवट 'दा'.
रे: 'रेइनी बुरू'. कोकणकडांनी वर लिहिलंय ते.
रो: 'रोमान्सु नो कामिसामा' (हिरोसे कोमी, १९९३), शेवट 'मा'. पट्टी फार उंच आहे, मशीनवर खाली आणूनच गा.

कोकणकडा

घरगुती खेळात 'न्' ला सवलत द्यायची असेल तर 'न्' च्या आधीचं अक्षर धरा. 'रेमोन्' ला 'मो', 'रोबिन्सोन्' ला 'सो', 'रूजु नो देन्गोन्' ला 'गो'. लहान मुलं किंवा नुकतेच शिकायला लागलेले असतील तर ही सवलत हवीच, नाहीतर त्यांची आवडती निम्मी गाणी बाद होतात. फक्त हे आधी ठरवा. खेळ रंगात आल्यावर सवलत मागितली की समोरच्याला ते पटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मृद्गंध

खोलीतल्या व्यवस्थेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जपानात मुख्य मशीन दोन: दाइइचि कोशोचं 'दामु' आणि एक्सिंगचं 'जॉयसाउंड'. गाणं निवडायची पाटी असते, दामुची 'देन्मोकु', जॉयसाउंडची 'क्योकुनाबि'. गाण्याच्या नावाने शोध घेताना पहिले दोन-तीन काना टाकले की यादी येते. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, टाकायची गरज नाही, त्यांचं वाचन टाकायचं.

इथेच पहिला नियम: पाटीवर नुसता 'रु' टाकून यादी बघायला परवानगी आहे की नाही? असेल तर कोणी हरतच नाही, खेळ गाण्यापुरता उरतो. आमच्याकडे अशी पद्धत आहे: आधी तोंडाने पूर्ण नाव सांगायचं, मगच पाटीला हात लावायचा. विचार करायला ३० सेकंद. यादीत गाणं सापडलं नाही तर एकदा दुसरं सांगायची संधी.

वेळेचं गणित. पूर्ण गाणं सरासरी साडेचार मिनिटं, निवडायला अर्धा मिनिट. दोन तासांत २४ गाणी, पाच जण असतील तर प्रत्येकाला जेमतेम पाच. साखळी तयारच होत नाही. म्हणून पहिलं कडवं आणि ध्रुवपद झालं की थांबवायचं. पाटीवर 'एन्सो चूशि', म्हणजे 'वादन थांबवा', असं बटण असतं, ते दाबायचं. गाणं दीड-दोन मिनिटांत आटोपतं, निवडण्यासकट तीन मिनिटं धरा, म्हणजे त्याच दोन तासांत ४० गाणी. बटण मात्र गाणाऱ्यानेच दाबावं. दुसऱ्याने मध्येच थांबवलं तर ते अपमानासारखं वाटतं.

एकामागे एक गाणी रांगेत लावून ठेवायची सवय इथे सोडावी लागते. पुढचं गाणं आधीच्यावर अवलंबून असतं. गाणं सुरू झालं की शेवटचं अक्षर सगळ्यांना कळलेलं असतंच, तेव्हा पुढच्याने ते चालू असतानाच विचार करून ठेवावा.

भाडं माणशी, अर्ध्या तासाच्या हिशेबाने किंवा 'फ्री टाइम' या ठोक वेळेने. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला एक पेय घ्यावंच लागतं. वेळ संपायच्या साधारण दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. तो वाजला की शेवटची फेरी जाहीर करा.

उंबरठा

कांजी फारशा येत नाहीत. मग पडद्यावरचे शब्द वाचता येतील का? आणि नुसत्या कांजीतून शेवटचं अक्षर कसं काढायचं?

मृद्गंध

पडद्यावर कांजीच्या डोक्यावर बारीक काना येतात, आणि गाणं पुढे सरकेल तसा अक्षरांचा रंग बदलत जातो. काना पक्के असतील तर निभतं. मात्र वेग बघा. 'योरु नि काकेरु', 'सेन्बोन्झाकुरा', 'उस्से वा' यांत शब्द इतके दाटीने येतात की डोळे पोचेपर्यंत ओळ गेलेली असते. सुरुवातीला संथ गाणी घ्या: 'इतो' (नाकाजिमा मियुकी), 'हानामिझुकि' (हितोतो यो, २००४), 'नागोरियुकि' (इरुका, १९७५).

शेवटच्या अक्षरासाठी कांजीवरून अंदाज बांधू नका. 'शरद' आणि 'चेरी' या दोन कांजी मिळून यामागुची मोमोएचं १९७७ चं गाणं आहे. सुट्या वाचल्या तर 'आकि' आणि 'साकुरा', पण गाण्याचं नाव वाचायचं 'कोसुमोसु'. म्हणजे सुरुवात 'आ' नाही, 'को'. एक्स बँडचं 'कुरेनाइ' (१९८९) एकाच कांजीचं, तिची आणखीही वाचनं आहेत.

आकड्यांचंही तसंच. '३ महिना ९ दिवस' असं दिसणारं रेमिओरोमेनचं गाणं वाचायचं 'सान्गात्सु कोकोनोका', सुरुवात 'सा', शेवट 'का'. '२२ वर्षांचा विरह' अशा अर्थाचं काझेचं १९७५ चं गाणं 'निजूनि साइ नो वाकारे', सुरुवात 'नि', शेवट 'रे'. रोमन अक्षरांच्या नावांनाही वाचन असतं: प्रिन्सेस प्रिन्सेसचं एकाक्षरी 'एम' हे 'एमु', म्हणून पुढच्याला 'मु'. सेकाइ नो ओवारीचं 'आर पी जी' (२०१३) हे 'आरुपीजी', सुरुवात 'आ'.

शब्दवेल्हाळ

'मु' अवघड अक्षर आहे, पण एक गाणं कायम तयार ठेवा: 'मून्राइतो देन्सेत्सु', सेलर मूनचं शीर्षकगीत, १९९२. शेवट 'त्सु'. 'त्सु' ला 'त्सुनामि' (सदर्न ऑल स्टार्स, २०००) किंवा 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि' (इशिकावा सायुरी, १९७७).

आता एक सबंध साखळी देतो. प्रत्येक सांधा तपासलेला आहे, पहिल्या बैठकीला हीच घेऊन बसा.

'झान्कोकु ना तेन्शि नो तेझे' (ताकाहाशी योको, १९९५) → झे
'झेन्झेन्झेन्से' (रॅडविम्प्स, २०१६) → से
'सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना' (स्माप, २००३) → ना
'नागोरियुकि' → कि
'कितागुनि नो हारु' → रु
'रुबी नो युबिवा' → वा
'वाताशि गा ओबासान् नि नात्तेमो' (मोरिताका चिसातो, १९९२) → मो
'मोमेन् नो हान्काचीफु' (ओता हिरोमी, १९७५) → फु
'फुयु गा कुरु माए नि' (कामिफुसेन, १९७७) → नि
'निजि' (सुदा मासाकी, २०२०) → जि
'शिमाउता' (द बूम, १९९२) → ता
'तात्चि' (इवासाकी योशिमी, १९८५) → चि
'चिजो नो होशि' (नाकाजिमा मियुकी, २०००) → शि
'सीक्रेट बेस ~किमि गा कुरेता मोनो~' → नो
'नोदाउतो' (ऑफिशियल हिगे दान्दिझ्म, २०१८) → तो
'तोकि नो नागारे नि मि ओ माकासे' (तेरेसा तेंग, १९८६) → से

आणि 'से' वर पुन्हा 'सेन्बोन्झाकुरा', 'रा'. तिथून 'राबु सुतोरी'. त्याच्या पुढे तुम्ही न्या.

कोकणकडा

साखळी सुंदर आहे. एकच शंका: 'निजि' वरून 'शिमाउता' हे टिंबं सोडून झालं. कडक नियमात 'जि'च हवा. चेकर्सचं १९८४ चं 'जुरिया नि हातोबुरेइकु' घ्या. काना लिपीत 'जि' आणि बारीक 'यु' ने सुरू होतं, म्हणजे पहिलं अक्षर 'जि'च आहे. यातही कांजी फसवते: लिहिलेलं असतं 'दुखावलेलं मन' अशा अर्थाच्या कांजीत, वाचायचं इंग्रजी 'हार्टब्रेक'. शेवट 'कु'. मग 'कुरेनाइ' ने 'इ', आणि 'इ' ला गाण्यांचा तुटवडा नाही.

शिवाय 'सीक्रेट बेस' ची सुरुवात वाचनात 'शी' आहे म्हणूनच तो सांधा बसतो. इंग्रजी स्पेलिंग बघून 'से' समजू नका.

उंबरठा

'हे' आला तर? 'मिराइ ए' मुळे तो येणारच, आणि मला एकच आठवतंय, 'हेबी रोतेशोन्', ते 'न्' वर संपतं.

शब्दवेल्हाळ

'हेया तो वाइशात्सु तो वाताशि' (हिरामात्सु एरी, १९९२). शेवट 'शि'. अँजेला आकीचं 'तेगामि' (२००८) उपशीर्षकासकट घेतलं तर तेही 'हे' वर संपतं, म्हणजे 'हे' दोन बाजूंनी येतो. हे गाणं प्रत्येकाच्या साठ्यात असावंच.

आणखी काही अडचणीची अक्षरं पटापट: 'ने' ला 'नेको' (डिश, २०१७), शेवट 'को'. 'मे' ला 'मेरिकुरि' (बोआ, २००४), शेवट 'रि'. 'यु' ला 'युकि नो हाना' (नाकाशिमा मिका, २००३), शेवट 'ना'. 'गु' ला 'गुरेन्गे' (लिसा, २०१९), शेवट 'गे'. 'गे' ला 'गेत्तो वाइरुदो' (टीएम नेटवर्क, १९८७), शेवट 'दो'. 'हि' ला 'हिकोकिगुमो' (१९७३), शेवट 'मो'.

मृद्गंध

पट्टीबद्दल एक, मग थांबते. पाटीवर सूर खाली-वर करायची बटणं असतात, एक पायरी म्हणजे अर्धा सूर. बाईचं गाणं पुरुषाने किंवा उलट गाताना चार-पाच पायऱ्या हलवून बघा. तेवढ्याने आवाज घशाशी अडकत नाही. पहिल्या ओळीला जमतंय असं वाटलं तरी ध्रुवपदात चढ असतो, म्हणून ध्रुवपदाची सगळ्यात उंच ओळ मनात म्हणून मगच बटण दाबा. 'सुबारु' त्यातलंच. सुरुवात इतकी खाली की माणूस पट्टी वर करतो, आणि मग ध्रुवपदात आवाज फुटतो. मूळ पट्टीतच सुरू करा.

'उए ओ मुइते' मध्ये शेवटाकडे शीळ आहे. माईक तोंडासमोर धरून शीळ घातली तर नुसता वारा घुमतो. जरा खाली, हनुवटीपाशी धरा.

पारिजात

'नु' अजून रिकामा आहे. 'न्' वर न संपणारं आणि दोन्ही मशीनवर सापडणारं गाणं कोणाकडे असेल तर वाचनासकट इथे लिहा. तोवर आमच्या बैठकीत 'नु' आला तर देणाऱ्याने दुसरं गाणं निवडायचं असा नियम ठेवलाय.